शिट्टी तोंडात असताना

वाईच्या मैदानावर मी पंचाला "चष्मा लावा!" असं ओरडलो, यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. लोणंदला माझं चष्म्याचंच दुकान आहे. त्यामुळं ते ओरडणं नव्हतं, व्यावसायिक सल्ला होता, तोही फुकट. माझी मुलगी झोया चौदा वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डीत आमच्या लोणंदच्या संघाकडून चढाई करत होती, आणि ती आऊट नसताना तिला आऊट दिलेलं मी स्वच्छ पाहिलं होतं. मी उभा होतो तिथून मैदान बरंच लांब होतं आणि मधे एक भेळेची गाडी होती हे खरं. पण बापाची नजर भेळेच्या गाडीतून आरपार जाते.

सामना संपल्यावर तो पंच सरळ माझ्याकडंच चालत आला. केरू कांबळे त्याचं नाव. साठी ओलांडलेला, काटक, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला माणूस. मी बाह्या सावरल्या आणि बायकोच्या थोडा मागं झालो.

"चष्म्याचं दुकान तुमचंच न्हवं का?" त्यानं विचारलं.

"हो. अश्फाक बागवान. का?"

"कारड हाय का एखादं?"

मी कार्ड दिलं. त्यानं ते नीट वाचलं, खिशात घातलं आणि "बरं झालं" एवढंच म्हणून निघून गेला. मी तो विजय समजलो. लोणंदला पोचेपर्यंत गाडीतल्या सगळ्या पालकांना मी ती हकीकत दोनदा सांगितली आणि दुसऱ्या वेळी केरू कांबळेनं त्यात माझी माफीही मागितली.

इथं आमच्या संघाच्या कोच आम्रपाली मॅडम यांच्याबद्दल सांगायला हवं. पंचविशीची पोरगी, स्वतः राज्य पातळीवर खेळलेली, बोलायला शांत. हंगामाच्या सुरुवातीला तिनं सगळ्या पालकांची बैठक घेतली होती आणि अगदी गोड आवाजात म्हणाली होती, "खेळायचं काम मुलींचं. शिकवायचं काम माझं. निकाल द्यायचं काम पंचांचं. तुमचं काम केळी आणायचं."

मला ते झोंबलं. मी केळी आणायचो, नाही असं नाही. पण एवढा शिकलासवरला माणूस नुसत्या केळ्यांवर थांबतो का? झोयाची चढाई सुरू झाली की रेषेबाहेरून मी "डावीकडं! बोनस घे! आता मागं! मागं म्हणतोय ना!" असं मार्गदर्शन करत असे. माझी बायको सुरय्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिचं म्हणणं असं, की वर्गात साठ पोरं एकदम ओरडली तरी तिचं डोकं दुखत नाही, पण मी एकटा ओरडलो की दुखतं.

आठवड्याभरानं दुकानात फोन आला.

"बागवानसाहेब, केरू कांबळे बोलतोय. रविवारी साताऱ्याला पंच शिबिर हाय. नव्या पंचांचं. तुमचं नाव दिलंय बगा म्या."

"माझं? मी कुठं पंच आहे?"

"आवं, तुमाला लांबनं दिसतंय, म्हणून दिलं. आमाला जवळनं बी दिसत न्हाई. पंच मिळत न्हाईत हल्ली. शिव्या खायाला कोण येतंय?"

मी नाही म्हणणार होतो. पण सुरय्या समोरच डबा घेऊन आली होती आणि फोनचा आवाज मोठा होता. ती म्हणाली, "जा की. दुसऱ्याला आंधळा म्हणणं सोपं असतं. एकदा आत उभे राहून बघा." झोयाही तिच्याबरोबर आली होती. तिनं आईकडं पाहिलं, आईनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या दोघींचं आधीच काहीतरी ठरल्याचा मला संशय आला.

पंच व्हायचं म्हणजे पांढरी पँट हवी. ती शिवायला शेजारच्या जाफरकडं गेलो. जाफर टेलर माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि सल्ला देताना तो माप घ्यायचं विसरतो.

"पांढरी कशाला? काळी शिव."

"नियम आहे."

"नियम करणाऱ्यानं कधी मार खाल्ला नसणार. पांढऱ्यावर अंडं दिसत नाही, पण टोमॅटो लगेच दिसतो. बरं, पळायचं आहे का तुला?"

"पंच पळत नाही, जाफर. उभा राहून बघतो."

"मग जरा फिटिंगची करतो. उभ्या माणसाला फिटिंग शोभतं."

तिथं कापड घ्यायला आलेल्या एका आजोबांनी मला पंचानं डोक्यावर रुमाल बांधावा असं सुचवलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "दगड हळू लागतो." सगळ्या गावाला माझ्या नव्या पदाविषयी आनंद झाला होता, पण तो आनंद थोडा वेगळ्या प्रकारचा होता.

शिबिरात केरूतात्यांनी आम्हाला नियम शिकवले. बाकीचे बहुतेक क्रीडाशिक्षक होते, त्यांना आधीच येत होते. मी मात्र परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. हाताच्या खुणा दुकानातल्या आरशासमोर घोकायला लागलो. बोनस गुणाला अंगठा वर करायचा असतो. त्या नादात आरशासमोर फ्रेम लावून बघणाऱ्या एका बाईंना मी मागून अंगठा दाखवला. त्यांनी दुकानातली सगळ्यात महाग फ्रेम घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांशी भांडून परत आणून दिली. एका म्हाताऱ्यांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येईना, तेव्हा माझ्या तोंडून "आऊट!" निघून गेलं. ते बिचारे उठून खरोखरच बाहेर गेले.

शिबिराच्या शेवटी मी केरूतात्यांना एकटं गाठलं. "तात्या, खरं सांगा. वाईला माझी पोरगी आऊट होती का?"

"न्हवती."

मी उडालोच. "मग दिलीत कशाला?"

"तवा मला वाटलं हाय. न्हवती ते मागनं कळलं."

"मग निकाल बदलायचा!"

"मागनं कळलं, गड्या," तात्या शांतपणे म्हणाले. "मागनं सगळ्यांलाच कळतंय."

माझी पहिली नेमणूक आटपाडीच्या पुढच्या एका गावातल्या स्पर्धेसाठी झाली. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेला आमचा लोणंदचा संघही होता. मी केरूतात्यांना बजावून सांगितलं होतं, की झोयाच्या सामन्याला मला उभं करायचं नाही. ते म्हणाले, "छ्या! तसं कसं करंन?" मैदानं दोन होती, शेजारीशेजारी. मला पलीकडचं दिलं होतं. आटपाडीकडं ऊन असं असतं, की सकाळी नऊला माणूस दुपारी दोन वाजल्यासारखा दिसतो, आणि वारा सुटला की गावाची माती आपल्या दातांखाली येते.

स्पर्धेचं सगळं आकाराम नावाच्या माणसाच्या हाती होतं. मंडप त्याचा, माइक त्याचा, आवाज त्याचा. सकाळीच त्यानं जाहीर केलं, "सामन्याचे सरपंच यांनी ताबडतोब मैदानात यावं!"

आता कबड्डीत दोन बाजूंना दोन पंच असतात आणि त्यांच्यावरच्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. इथं ते केरूतात्या होते. ते उठले. त्याच वेळी मंडपातून हातात मोबाइल घेतलेली, नऊवारीतली एक ठसठशीत बाई उठली आणि मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. त्या मनुबाई, गावच्या सरपंच.

"बोलिवलं व्हय मला?"

"तुमाला न्हाई, आत्या," आकाराम माइकवरच म्हणाला. "कबड्डीच्या सरपंचाला."

"गावात सरपंच किती हायती रं?"

"आत्या, तुमी गावाच्या. ह्ये मैदानाचे."

"मग मैदान काय कर्नाटकात हाय?"

शेवटी रेषेच्या बाहेर दोन खुर्च्या मांडल्या. मनुबाईंना शिट्टीही हवी होती, ती दिली. भिंतीवर चढलेल्या पोरांना खाली उतरवण्यासाठी त्या दिवसभर ती वाजवत राहिल्या, आणि दर वेळी चढाईला गेलेली मुलगी मधेच दचकून थांबत राहिली.

दुपारपर्यंत माझं बरं चाललं होतं. माझ्या मैदानावरचे संघ दुबळे होते, सामने एकतर्फी होते आणि प्रेक्षकांत एक कुत्रा आणि दोन पोलीसपाटील होते. दोन कसे, ते मी विचारलं नाही. सकाळभरात मला इतका आत्मविश्वास आला, की जेवताना मी राजवर्धन नावाच्या तरुण पंचाला न्याय या विषयावर चार शब्द सांगितले. तो ऐकत मटणाचा तिखट रस्सा पीत होता. पीतच राहिला. उपांत्य सामना पुकारला तेव्हा राजवर्धन शाळेच्या संडासात होता, आणि बाहेरून हाक मारली की आतून नुसती शिट्टी ऐकू यायची.

उपांत्य सामना होता लोणंद विरुद्ध त्या गावचं बिरोबा मंडळ.

केरूतात्या माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. "तात्या, नाही. बाप आहे मी तिचा."

"दुसरं कोन न्हाई. दोनी कोचना इचारतो."

त्यांनी विचारलं. बिरोबा मंडळाचे कोच नानासो, ओरडून ओरडून आवाज बसलेला, गळ्यात पंचा टाकलेला माणूस. त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आमाला चालतंय. बाप पंच आसला की पोरीचं काय खरं नसतंय."

आम्रपाली मॅडम म्हणाल्या, "मलाही चालेल. पण नंतर रडायचं नाही." मला वाटलं, मुलींना सांगतायत. पण त्या माझ्याकडं बघत होत्या.

सामना सुरू झाला. रेषेबाहेर गावची सगळी माणसं आणि दुसऱ्या बाजूला लोणंदचे पालक, पुढच्या रांगेत सुरय्या. झोयाची पहिलीच चढाई. ती माझ्या बाजूनं आली, वाकली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवायला पाय लांबवला, आणि तिची टाच मला बाजूच्या रेषेबाहेर दिसली. निदान दिसल्यासारखी वाटली. खरं सांगायचं तर ती रेषेवर होती, आत होती की माझ्या मनात होती, हे ठरवायला माझ्याकडं पापणी लवण्याइतका वेळ होता. त्या वेळात मला एवढंच दिसलं, की हजारभर माणसं माझ्याकडं बघतायत आणि म्हणतायत, आता हा पोरीला वाचवणार. मी हात वर केला. आऊट!

गाव उसळलं. "वा रं पंच! बापमाणूस!"

दुसऱ्या चढाईत मी तिचा दम तुटल्याचं दिलं. तिसऱ्या वेळी ती नुसती माझ्या बाजूला आली तरी माझा हात आपोआप वर जायला लागला, तो मी दुसऱ्या हातानं धरला. लोणंदच्या बाजूनं आवाज आला, "ओ पंच! चष्मा लावा!" त्याला दुसऱ्या पालकानं उत्तर दिलं, "लावलाय की! त्याचंच दुकान आहे!" त्या रांगेतल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांवर माझ्याच दुकानातले चष्मे होते, आणि ते काढून एकमेकांना दाखवू लागले. सुरय्यानं फक्त एका बोटानं घराच्या दिशेकडं खूण केली. घर दीडशे किलोमीटरवर होतं, पण मला रस्ता स्पष्ट दिसला.

मध्यंतराला आम्रपाली मॅडम माझ्या दिशेनं आल्या. मी युक्तिवाद तयार ठेवला. पण त्या पाण्याची बाटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "सर, दोन निकाल चुकलेत. एक त्यांच्या मुलीचा, एक झोयाचा."

"मग तक्रार करा ना! रीतसर करा!"

"कशाला? दर सामन्यात पंचाच्या दोनतीन चुका मी धरूनच चालते. माझ्याही आज तीन झाल्यात. पोरींच्या तर मोजत नाही, तेरा वर्षांच्या आहेत त्या. सगळ्यांनी बरोबर केलं असतं तर दूरदर्शनवर असतो, इथं कशाला असतो?" जाता जाता वळल्या. "फक्त झोया आली की घाबरू नका. ती पाय टाकते, बाँब नाही."

दुसऱ्या डावात मी जरा सावरलो. आणि मग एक वेगळाच घोळ झाला. झोया चढाईला गेली, समोरच्या सहाजणी तिला घेरायला लागल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या पोटातून "मागं!" असा शब्द उसळला. तोंडात शिट्टी होती. शब्द शिट्टीतून बाहेर पडला. सगळं मैदान थांबलं.

"काय झालं?" केरूतात्यांनी विचारलं.

"काही नाही... माती गेली."

"शिट्टीत?"

त्यानंतर मी ती शिट्टी दातांत अशी धरली, जसा घोडा लगाम धरतो. "डावीकडं" येई, मी गिळे. "बोनस घे" येई, मी गिळे. आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरगी डावीकडं जायच्या वेळी उजवीकडं गेली, मागं यायच्या वेळी आत घुसली आणि दोघींना शिवून आली. पुढच्या चढाईत अजून एकीला. मला जे जे सांगायचं होतं, त्याच्या बरोबर उलटं करून ती गुण आणत होती. मी आजवर तिला एवढं चांगलं खेळताना पाहिलं नव्हतं, आणि मला टाळी वाजवायची परवानगी नव्हती. बरोबरी झाली.

शेवटची चढाई उरली असताना मेंढरं आली.

बिराप्पा नावाचा धनगर आपला कळप घेऊन रोजच्या वाटेनं निघाला होता, आणि रोजची वाट मैदानातून जात होती. आकाराम माइकवरून ओरडला, "बिराप्पा, म्याच चाललीया!"

"चालू द्या की," बिराप्पा म्हणाला. "आमचं बी चाललंच हाय. वाट हाय ही. मैदान तुमी काल आखलंय."

मनुबाईंनी शिट्टी वाजवली. मेंढरं शिट्टीनं थांबत नाहीत, ती बिचकून पसरतात. सगळा कळप मैदानभर पसरला, पोरी हसत बाजूला झाल्या, नानासोंनी एक कोकरू उचलून बाहेर ठेवलं, ते परत आत आलं. कळप गेला तेव्हा मैदानावर ना मधली रेषा होती ना बाजूची, नुसते खूर आणि लेंड्या. आकारामच्या माणसांनी घाईघाईनं पांढरी फक्की टाकून रेषा पुन्हा मारल्या. माझ्या बाजूची रेषा ओढ्यासारखी वळणावळणानं गेली होती. आणि धूळ इतकी, की माझ्या चष्म्यावर थर बसला. हा चष्मा मी स्वतः "यावर धूळ बसतच नाही" असं सांगून विकतो. मी पुसला. शर्टही धुळीचाच होता. जागच्या जागी पसरवली एवढंच.

झोया चढाईला निघाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. माझ्याच कोपऱ्यात आली. एकदम खाली झुकून तिनं पाय ताणला आणि कोपऱ्यातल्या उंच मुलीच्या घोट्याकडं नेला. नीट बघायला मला खाली वाकायला हवं होतं. पण जाफरनं पँट उभ्या माणसासाठी शिवली होती. मी अर्धा वाकलो, पँटनं मला तिथंच धरलं, आणि धुळीच्या पडद्यामागं एक पाय आणि एक घोटा असं काहीतरी हललं. झोया झटक्यात मधल्या रेषेवर परत आली आणि तिनं हात वर केला. लागला!

"न्हाई लागला!" उंच मुलगी ओरडली.

सगळं मैदान एकदम ओरडायला लागलं. केरूतात्यांनी पलीकडच्या पंचाला विचारलं. तो म्हणाला, मधे चारजणी होत्या. मग तात्या माझ्याकडं वळले. मनुबाईही उठून आल्या होत्या. "मी सरपंच हाय, मी सांगते काय झालं त्ये," त्या म्हणाल्या. त्यांना हातानं थांबवत तात्यांनी मला विचारलं, "बागवान, लागला का?"

मी झोयाकडं पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. तिच्या चेहऱ्यावर मला "हो" स्वच्छ दिसत होतं. पण पंचाला चेहऱ्यावरचं बघायचं नसतं, घोट्यावरचं बघायचं असतं. एका बाजूला सुरय्या, एका बाजूला गाव. हो म्हटलं तरी खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं. उरलेली एकच गोष्ट खरी होती, आणि चष्म्याच्या दुकानदारानं ती चारचौघांत सांगणं म्हणजे हलवायानं आपल्याला गोड कळत नाही म्हणण्यासारखं होतं.

"तात्या," मी म्हणालो, "मला दिसलं नाही."

आकारामनं माइक माझ्या तोंडाजवळ कधी धरला होता देव जाणे. ते वाक्य अख्ख्या गावानं ऐकलं, आणि मला वाटतं आटपाडीपर्यंत गेलं.

दिसलं नाही म्हणजे गुण नाही. बरोबरी राहिली, मग नियमाप्रमाणं दोन्ही संघांना पाचपाच चढाया मिळाल्या, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

पुढचं सांगायला मला खरं तर लाज वाटते. बिरोबा मंडळाच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मनुबाईंनी मला फेटा बांधला, नारळ दिला आणि माइकवर सांगितलं, की पोटच्या पोरीला हरवणारा असा सरळ माणूस आपण पाहिला नाही. मी ओरडून सांगत होतो, की मी कुणाला हरवलं नाही, पण फेटा कानांवर आला होता. तो फोटो मी खाली उतरायच्या आत लोणंदला पोचला. जाफरचा निरोप आला: "पँट छान दिसतेय." पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी काढलेला होता, त्यामुळं मला त्यातून हाकलता येईना. म्हणून सगळ्यांनी मला सोडून दुसरा ग्रुप काढला. त्याची अॅडमिन सुरय्या होती.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात जेवणाची पंगत बसली. माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. मग झोया ताट घेऊन आली आणि शेजारी बसली. बराच वेळ ती आमटीभात खात राहिली. शेवटी मलाच राहवलं नाही.

"बेटा, लागला होता का गं?"

"लागला होता."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मग तू भांडली का नाहीस?"

"तुम्हाला दिसला नाही, तर काय भांडायचं?" तिनं लिंबू पिळलं. "पहिल्या चढाईला मात्र मी आऊट नव्हते. तेव्हा राग आलेला. तुम्ही बघितलंच नव्हतं माझ्याकडं, लोकांकडं बघत होता."

तिला सगळं दिसलं होतं.

"अब्बा, तुम्ही पंचच राहा."

मला भरून आलं. "खरंच? इतका काही वाईट नव्हतो ना मी?"

"वाईट होता," ती म्हणाली. "पण शिट्टी तोंडात असली की तुम्ही बोलत नाही. आज पहिल्यांदा मला मॅडमचं सगळं ऐकू आलं."

असं म्हणून तिनं माझ्या ताटातला पापड उचलला. मागच्या खांबाला टेकून सुरय्या उभी होती. ती आली आणि रिकाम्या बाजूला बसली.

"उद्या तिसऱ्या नंबरची मॅच आहे आमची," झोया म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या मैदानावर उभे राहा हं."

"पण मग मला तुझ्याकडं बघता येणार नाही."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मॅच एका मैदानावर आणि शेजारच्या मैदानावर अगदी लहान मुलींचा सामना, त्याला मी. राजवर्धन बरा होऊन समोरच्या रेषेवर उभा होता, थोडा पिवळा. केरूतात्या सरपंच. मी निश्चय केला होता, की मान वळवायची नाही. समोर एक दहाअकरा वर्षांची चिमुरडी चढाईला आली होती, दोन वेण्या वर बांधलेल्या, मोठ्या आवाजात कबड्डी कबड्डी म्हणत. मी तिच्या पायाच्या अंगठ्यावर नजर खिळवली.

आणि शेजारच्या मैदानावर आरोळी उठली.

मी अंगठ्याकडंच बघत होतो. आरोळी वाढली. लोणंदची होती, हे आवाजावरून कळलं, त्यात सुरय्याचा आवाज तर लाखात ओळखू येतो. मान आपोआप वळली. मैदानाच्या मधोमध झोयावर सगळ्या पोरी पडल्या होत्या, ढिगातून तिचा एक हात वर होता आणि आम्रपाली मॅडम रेषेबाहेर उड्या मारत होत्या. शांत म्हणे! तेवढ्यात झोयानं ढिगातून डोकं काढलं, मला पाहिलं, आणि डोळे मोठे करून बोटानं खूण केली: समोर बघा!

मी झटकन वळलो. माझ्या मैदानावर सगळं थांबलं होतं. दोन वेण्यांची चिमुरडी माझ्यासमोर येऊन उभी होती आणि निकालाची वाट बघत होती. मी राजवर्धनकडं पाहिलं. तो शेजारच्या मैदानाकडं बघत होता. मी केरूतात्यांकडं पाहिलं. तेही तिकडंच बघत होते, आणि टाळ्या वाजवत होते.

चिमुरडीनं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"आवं सर, मी आऊट हाय," ती म्हणाली. "निगाले मी. तुमचं बगून झालं की सांगा, म्हंजी म्याच पुडं चालू करू."